उमेदवारी

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती एका रकान्यापुरती. दिवाळी अंकासाठी संपादकांनी हात जरा सैल सोडला आहे, म्हणून गेले कित्येक महिने पाकिटात जपून ठेवलेल्या एका पत्राला आज सविस्तर उत्तर देतो. पत्र साताऱ्याच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीचे आहे. ती लिहिते, "आमच्या घरात कोणी वकील नाही. मुंबईच्या मोठ्या पेढ्यांकडे सुट्टीतल्या उमेदवारीसाठी अर्ज केले, पण पोहोचल्याचे उत्तरसुद्धा आले नाही. अर्जात काय लिहावे हे कोणाला विचारू? ज्यांचे काका-मामा हायकोर्टात आहेत त्यांना हे विचारावेच लागत नाही. तुम्ही जन्मभर सॉलिसिटरांच्या ऑफिसात होता. तुम्ही तरी सांगा."

मुली, तुझे पत्र आले तेव्हा आम्ही थोडे खजील झालो. कारण अर्ज कसा लिहावा हे आम्हाला माहीत नव्हते. आम्ही १९७४ साली फोर्टातल्या एका सॉलिसिटरांच्या पेढीत कारकून म्हणून चिकटलो ते चिठ्ठीवर. वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी चार ओळी खरडून दिल्या आणि आमची अडतीस वर्षांची भाकरी पक्की झाली. तिथे येणारे शिकाऊ वकीलही बहुतेक चिठ्ठीवरच येत. कोणाचा भाचा, कोणाच्या व्याह्याचा मुलगा. चिठ्ठी नसलेली मुले बाहेरच्या बाकावर बसून निघून जात. त्यांतली किती हुशार होती हे आम्हाला कधी कळले नाही, कारण कोणी विचारलेच नाही.

तुझ्या पत्राचे उत्तर आम्हाला मिळाले ते इंग्लंडात, आणि तेही आमच्या नातीकडून.

आमची लेक लेस्टरला परिचारिका आहे, जावई तिथे बस चालवतात. नात कायदा शिकते. गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही दोघे तिकडे गेलो, तेव्हा ही पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संगणकासमोर बसलेली दिसे. "काय गं, परीक्षा जवळ आली का?" म्हणून विचारले तर म्हणाली, "नाही आजोबा, अर्ज करतेय. उन्हाळ्यात दोन आठवडे पेढीत काम करायला."

"दोन आठवडे?" आम्हाला हसूच आले. "आमच्याकडे दोन आठवड्यांत उमेदवाराला पाणी कुठल्या माठातले प्यायचे तेसुद्धा कळत नसे!"

ती हसली नाही. मागच्या वर्षी तिने असे चौदा अर्ज केले होते आणि चौदाही ठिकाणांहून नकार आला होता. मग तिने आम्हाला सगळा कारभार समजावून सांगितला.

इंग्लंडात वकिलांच्या दोन जाती. बॅरिस्टर कोर्टात उभा राहतो, डॉ. आंबेडकर ग्रेज इनमधून झाले ते बॅरिस्टर. सॉलिसिटर अशिलाला भेटतो, सल्ला देतो, करारमदार करतो आणि कागदपत्रे तयार करतो. सॉलिसिटर व्हायचे तर परीक्षा द्यावी लागते आणि दोन वर्षे प्रत्यक्ष काम करावे लागते. मोठ्या पेढ्या ही दोन वर्षांची उमेदवारी बहुधा दोन-दोन वर्षे आधीच देऊन टाकतात, आणि पुष्कळ पेढ्या त्यासाठी माणसे निवडतात ती या दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीतल्या उमेदवारांतून. म्हणजे दोन आठवड्यांची ही खिडकी दिसायला लहान, पण आत जाण्याचा मोठा रस्ता तिच्यातूनच. या दिवसांचा पगारही मिळतो. अर्ज शरद ऋतूत सुरू होतात. काही पेढ्या शेवटच्या तारखेची वाट न पाहता आले तसे अर्ज वाचत जातात, म्हणून उशिरा येणाऱ्याला जागा उरेलच असे नाही. अर्ज पसंत पडला तर संगणकावरची परीक्षा, ती उतरली तर एक अख्खा दिवस पेढीत बोलावून पारख, आणि त्यानंतर ते दोन आठवडे.

पूर्वी तिकडेही आपल्यासारखेच होते. शिकाऊ मुलाला 'आर्टिकल्ड क्लार्क' म्हणत आणि त्याला ठेवून घेण्याबद्दल त्याच्या बापाने सॉलिसिटरला रक्कम मोजावी, अशी रीत पुष्कळ वर्षे होती. पैसा असला तरी बाईमाणसाला दार बंदच. आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची बी. सी. एल. परीक्षा दिली. पुढे लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समधल्या ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटरांच्या पेढीत त्या काही काळ काम शिकल्या. काम शिकता आले, पण सनद मिळणे शक्य नव्हते. स्त्रियांची ही आडकाठी १९१९ च्या कायद्याने दूर झाली, आणि सोराबजींच्या हातात ऑक्सफर्डची पदवी पडली ती १९२२ साली. परीक्षा दिल्यापासून तीस वर्षांनी!

आज ना रक्कम मोजावी लागते, ना चिठ्ठी. त्या जागी अर्ज आला आहे. ही सुधारणा खरीच. पण नातीशेजारी बसून तिचे जुने अर्ज वाचले तेव्हा ध्यानात आले की, अर्जालाही एक अदृश्य चिठ्ठी जोडलेली असते. ज्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर पेढ्यांच्या गोष्टी निघतात त्या मुलांना काय लिहावे हे आपोआप ठाऊक असते. परिचारिकेच्या आणि बसचालकाच्या मुलीने ते कुठून शिकावे?

तिच्या अर्जात काय होते म्हणता? "मला कायद्याची लहानपणापासून ओढ आहे. आपली पेढी नामवंत व जागतिक आहे. येथील वातावरणात माझा विकास होईल." इंग्रजी अगदी फर्डे. आम्ही पेढीच्या नावावर अंगठा ठेवला आणि विचारले, "आता सांग, हे कोणाला लिहिले आहे?" तिला सांगता येईना. नाव झाकल्यावर जे पत्र कोणालाही धाडता येते, ते कोणालाच लिहिलेले नसते. एका अर्जात तर तिसऱ्या परिच्छेदात चक्क दुसऱ्याच पेढीचे नाव राहून गेले होते! चौदा अर्जांच्या घाईत हे व्हायचेच. आता तर यंत्राला सांगून अर्ज लिहून घेण्याचीही सोय झाली आहे. त्यामुळे असले गुळगुळीत अर्ज वाचणाऱ्याच्या टेबलावर ढिगाने पडत असणार. चुकीचे नाव गेले तर तो वाचणारा काय म्हणेल? "हिच्या हातून आमच्या अशिलाचे नाव करारात असेच चुकले तर?"

मग आम्ही विचारले, "तू शनिवारी कुठे जातेस?"

"औषधांच्या दुकानात. काउंटरवर असते. दोन वर्षं झाली."

"हे अर्जात का नाही?"

"आजोबा, ते काय लिहायचं! बाकीची मुलं त्यांच्या काकांच्या पेढीत काम केल्याचं लिहितात."

आमच्या सौभाग्यवती कोथिंबीर निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ती पिशवीची गोष्ट सांग की तुझ्या आजोबांना."

गोष्ट अशी. एकदा दुकानात एक म्हातारेबुवा आले आणि आडनाव सांगून औषधाची पिशवी मागू लागले. त्या आडनावाच्या दोन पिशव्या फळीवर होत्या. बाहेर रांग लागली होती, बुवा घाईत होते, पुढच्याच पिशवीकडे बोट दाखवत होते. हिने जन्मतारीख आणि पत्ता विचारला. बुवा रागावले, रांगेतली माणसेही कुरकुरली. पिशवी दुसऱ्याच माणसाची निघाली. आत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या होत्या.

वाचकहो, आम्ही अडतीस वर्षे ज्या कामाचा पगार घेतला ते काम दुसरे कोणते होते? नाव तपासा, तारीख तपासा, घाई करणाऱ्याचा राग गिळा आणि खात्री झाल्याशिवाय कागद हातावेगळा करू नका. पोरीजवळ सोने होते आणि ते तिने फळीमागे टाकले होते, कारण ते काउंटरवरचे होते!

त्या वर्षी तिने चौदाऐवजी सहाच अर्ज केले. प्रत्येक पेढीसाठी तीन-चार दिवस दिले. ती पेढी कोणत्या प्रकारचे काम करते, कोणाची बाजू घेते, कारखानदारांची कामे जास्त की बँकांची, शिकाऊ मुलांना किती विभागांतून फिरवते, हे तिने शोधले. त्यांतले आपल्याला नेमके काय आवडले आणि का, हे दोन वाक्यांत लिहिले. औषधांच्या दुकानाची गोष्ट आठ ओळींत लिहिली: प्रसंग काय, माझ्यावर काय होते, मी काय केले, पुढे काय झाले. 'आम्ही केले' असे जिथे होते तिथे 'मी केले' असे केले. आणि प्रत्येक अर्ज कागदावर छापून मोठ्याने वाचला. एकाने वाचायचे, दुसऱ्याने पाहायचे. आमच्या ऑफिसात खरेदीखत असेच तपासत.

पुढची पायरी संगणकावरच्या परीक्षेची. पुष्कळ पेढ्या 'वॉटसन-ग्लेसर' नावाची चाचणी घेतात. तीस मिनिटांत चाळीस प्रश्न. कायदा विचारत नाहीत, विचार कसा करता ते पाहतात. नमुना आमच्या पदरचा देतो. दिलेली हकीकत एवढीच: 'जोशांच्या दारात यंदा आकाशकंदील नाही.' यावरून जोशांकडे सुतक आहे असे म्हणता येईल काय? चाळीत एव्हाना सुतक कोणाचे इथपर्यंत मजल गेली असती! पण परीक्षेत उत्तर द्यायचे, 'पुरेशी माहिती नाही.' जोशी गावाला गेले असतील, कंदील फाटला असेल, नाहीतर अजून लावायचा राहिला असेल. आपल्या मनातले कागदात घालायचे नाही, कागदात आहे तेवढेच वाचायचे. नात यात प्रथम सारखी चुकत होती, कारण ती हुशार होती आणि न दिलेलेही तिला दिसत होते. रोज अर्धा तास सराव आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे 'का चुकला' हे लिहिणे, एवढ्यावर महिन्याभरात ती सावरली.

सहांपैकी दोन पेढ्यांनी पारखीच्या दिवसाला बोलावले. असल्या दिवशी बहुधा चार प्रकार असतात. एक लेखी काम: कागदांचा गठ्ठा देतात आणि ठरल्या वेळेत अशिलाला पत्र किंवा साहेबांना टिपण लिहायला सांगतात. दुसरे, पाच-सहा उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवून प्रश्न सोडवायला लावणे. तिसरे, एखाद्या व्यवहाराची कागदपत्रे वाचून त्यावर भागीदारांशी चर्चा. आणि चौथे मुलाखत.

टेबलाभोवतीच्या कामाची रंगीत तालीम आम्ही घरीच केली. नातीने प्रश्न काढला: एका किराणा व्यापाऱ्याला तिसरे दुकान काढायचे आहे, तीन जागा आहेत, कोणती घ्यावी? वेळ वीस मिनिटे. नात आणि आम्ही कडाकडा बोलत होतो. लेक अधूनमधून तोंड घालत होती. जावई गप्प. पंधरा मिनिटे झाल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "वेळ किती उरला?" आम्ही घड्याळ पाहिले आणि चपापलो. मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्या दुसऱ्या जागेवरून तुमची बस जाते ना?" जावई हळूच म्हणाले, "जाते. पण त्या रस्त्यावर गाडी उभी करायला बंदी आहे. सामानाची पिशवी घेऊन माणसं लांब कशी चालतील?" जागा ठरली. आमच्या दोघांच्या पंधरा मिनिटांच्या वक्तृत्वात ही गोष्ट आलीच नव्हती!

पारखणारे नेमके हेच पाहतात. कोण जास्त बोलले यापेक्षा कोणी काम पुढे नेले, कोणी वेळेकडे लक्ष ठेवले, कोणी गप्प बसलेल्याला बोलते केले, दुसऱ्याचा मुद्दा पटल्यावर कोणी आपला सोडला, याची नोंद होते. पेढीत अशिलासमोर भांडणारा हुशार माणूस कोणाला हवा असतो?

लेखी कामाबद्दल आमचा सल्ला जुनाच. आधी प्रश्न वाच, मग गठ्ठा. पाऊण तास असेल तर वाचायला किती, लिहायला किती आणि शेवटी तपासायला किती हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेव. अशिलाला पत्र लिहायचे असेल तर पहिल्या परिच्छेदात त्याच्या प्रश्नाचे उत्तर दे. कलमांची नावे मागाहून. आणि वर्तमानपत्र वाचताना प्रत्येक बातमीला एक प्रश्न विचारायची सवय लाव: 'याने पेढीच्या अशिलाचे काय होईल?' व्याजदर वाढले तर घरे बांधणाऱ्याचे काय, कर्ज देणाऱ्याचे काय? ज्याला तिकडे व्यवहाराची जाण म्हणतात ती एवढीच, आणि ती किराणा दुकानातही शिकता येते.

राहिली मुलाखत. तिथे एक प्रश्न हमखास येतो: 'तुमच्या हातून चूक झाल्याचा प्रसंग सांगा.' नात म्हणे, "मी फार कष्ट घेते, हीच माझी चूक, असं सांगू?" तेव्हा आम्ही तिला आमची एक गोष्ट सांगितली. घरात ती कोणाला ठाऊक नव्हती.

१९८१ साली आम्ही एका खरेदीखताच्या परिशिष्टात सिटी सर्व्हे नंबरातले दोन आकडे उलटे झालेले तसेच जाऊ दिले. जोडीदार रजेवर होता, म्हणून आम्ही एकट्यानेच तपासले आणि दोघांनी तपासल्याची सही ठोकली. रात्री लोकलमध्ये, दादर गेल्यावर, तो आकडा डोळ्यांपुढे आला. सकाळी दहाला पक्षकार सह्यांना येणार होते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गप्प बसलो असतो तर कदाचित कोणाला कळलेही नसते. आणि कळले असते तर दहा वर्षांनी, कुणाच्या तरी घरावर संक्रांत आली असती. सकाळी नऊलाच साहेबांच्या दारात उभे राहून सांगितले. त्यांनी दहा मिनिटे आम्हाला असे सोलून काढले की विचारू नका. पण त्यानंतर महत्त्वाचा कागद आला की ते आमचेच नाव घेत.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी नात आगगाडीने लंडनला गेली. संध्याकाळी परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने. लेखी कामात एक कंपनी दुसरीला विकत घेत होती. विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाशी झालेल्या करारात एक कलम होते: मालकी बदलली तर ग्राहकाला करार मोडण्याचा हक्क. हिच्या नजरेतून ते सुटले. दुपारी भागीदारांनी विचारले, "या सौद्यात सर्वांत मोठा धोका कोणता?" कागद पुन्हा उघडताना ते कलम तिला दिसले.

"मग काय केलंस?"

"सांगून टाकलं. म्हटलं, माझ्या लेखी उत्तरात हे सुटलंय. आता दिसतंय ते असं, की विकत घेणाऱ्याने आधी त्या ग्राहकाची लेखी संमती घेतली पाहिजे, नाहीतर किंमत द्यायची ती नुसत्या नावाला." आणि रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, गेलं सगळं."

गेले नव्हते. दुसऱ्या पेढीने नकार दिला, पण याच पेढीने यंदाच्या जुलैत दोन आठवड्यांसाठी बोलावले.

आता कथेचा शेवट गोड करून सांगायचा मोह होतो, पण तू खरे विचारले आहेस. दोन आठवड्यांनंतरच्या मुलाखतीतून त्या पेढीने पुढच्या दोन वर्षांसाठी जी नावे काढली, त्यांत आमच्या नातीचे नाव नव्हते. ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. मग तिने फोन करून पेढीला विचारले की मी कुठे कमी पडले, आणि त्यांनी जे सांगितले ते वहीत उतरवून घेतले. तिकडे सप्टेंबर २०२१ पासून नवी परीक्षापद्धती आली आहे. तिच्यात दोन वर्षांचा अनुभव एकाच पेढीत घ्यायची सक्ती नाही. चार ठिकाणांपर्यंतचा मिळून चालतो, आणि गोरगरिबांना मोफत सल्ला देणाऱ्या केंद्रातले कामही नियमांत बसले तर धरले जाते. ती आता शनिवारी अशाच एका केंद्रात जाते आणि पुन्हा सहा अर्ज लिहिते आहे.

साताऱ्याच्या मुली, आपल्याकडेही उमेदवारी चुकलेली नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान वीस आठवडे ती करावीच लागते. ती मोठ्या पेढीतच झाली पाहिजे असे नाही. साताऱ्याच्या कोर्टातल्या एखाद्या मेहनती वकिलाकडे, नाहीतर विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जे पाहशील तेच उद्या मुंबईच्या अर्जात लिहायचे आहे. तुझ्या पत्रात ओझरते आले आहे की, वडिलांच्या पिठाच्या गिरणीचा हिशेब तू ठेवतेस. अर्जात ते लिहिले होतेस का? उधारी कशी वसूल केलीस, हिशेब कुठे चुकला आणि तो कसा सापडला, हे आम्हाला सविस्तर कळव. पुढचा अर्ज आपण त्यावरून लिहू. तो छापून पाठव. आम्ही इथे मोठ्याने वाचू आणि सौभाग्यवती बघतील.

नातीचा जुलैतल्या पहिल्या दिवशीचा निरोप आम्ही जपून ठेवला आहे. पेढी काचेच्या मनोऱ्यात, संगणक प्रत्येकापुढे दोन-दोन. पोरीने लिहिले होते, "आजोबा, आज दिवसभर कोर्टाच्या कागदांना पानांचे आकडे घातले. दोनशे चाळीस पानं. दोनदा तपासली."

१९७४ साली आम्हालाही पहिल्या दिवशी हेच काम दिले होते.